बँकॉकातलं जांभळी लुगडं

मी बँकॉकला जाऊन आले आहे असं सांगितलं की माणसं आधी माझ्या तोंडाकडं बघतात आणि मग माझ्या नऊवारीकडं. त्यांचं काही चुकत नाही. आमच्या देवळाली प्रवरेकडच्या बाया तेव्हा लांब म्हणजे नगरला जायच्या, तेही कुणी दवाखान्यात असलं तर. मी विमानात बसून गेले, आणि तिथल्या बाजारातून काय आणलं, तर लुगडं. लोक घड्याळ आणतात, रेडिओ आणतात. मी लुगडं का आणलं ते सांगते, म्हणजे तुमचं हसू थांबेल. नाहीतर वाढेल, तुमची मर्जी.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षाची गोष्ट. साखर कारखान्याचे काही बागायतदार सभासद तिकडचा ऊस आणि तिकडचे कारखाने बघायला निघाले होते. आमचे मालक त्यांत होते. कुणाला बायको न्यायची असेल त्यानं स्वतःच्या खर्चानं न्यावी, असं ठरलं होतं. हे त्यांनी घरी जेवताना सहज सांगितलं, मला न्यायचं त्यांच्या मनातही नसावं. थोरले दीर लगेच म्हणाले की बाईमाणसाला ऊस बघायला परदेशी कशाला जायला पाहिजे, आपल्या रानात का कमी आहे. सगळे हसले. मीही हसले.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, हात झटकले आणि म्हणाल्या, “तिला न्या.”

मालक म्हणाले, “आगं आई, पोरं कोण सांभाळील?”

“मी सांभाळीन. तुमी गडी कुठं जाऊन आला तरी एक गोष्ट धड सांगत न्हाई. मुंबईला गेलता तवा इचारलं, कशी हाय मुंबई, तर म्हणला मोठी हाय. ही गेली तर आल्यावर महिनाभर सांगत बसंल. मला समदं ऐकायचं हाय.”

म्हणजे माझी बडबड अशी कामाला आली. एरवी त्याच बडबडीपायी मला त्या घरात किती बोलणी बसलीत, ते राहू द्या.

पासपोर्टावर सही लागते म्हणून चार दिवस मुलाच्या पाटीवर सही गिरवली. माझी शाळा दुसरीतच सुटलेली. पुढचं सगळं वाचन मी मुलांच्या पुस्तकांतून आणि वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून शिकले. सही जमली, जरा डावीकडं कलली, पण जमली.

निघायच्या दोन दिवस आधी आत्याबाई मला विहिरीवर घेऊन गेल्या. धुणं होतं खरं, पण धुण्याला दोघींची गरज नव्हती. आमच्या विहिरीवर जांभळाचं मोठं झाड होतं. ज्येष्ठ महिना, खाली नुसता सडा पडलेला. त्यांनी एक टपोरं जांभूळ उचललं, जुन्या धोतराच्या चिंधीत चुरगाळलं आणि चिंधी माझ्यापुढं धरली. तो रंग तुम्हाला माहीत आहे. काळाही नाही, निळाही नाही, लालही नाही.

“असल्या रंगाचं लुगडं आन मला तिकडनं,” त्या म्हणाल्या. “माझ्या मावशीच्या अंगावर हुतं. मी सात वर्सांची आसन. तवापासनं मनात हाय.”

मला आश्चर्य वाटलं, कारण आत्याबाईंनी काही मागितलेलं मी कधी ऐकलंच नव्हतं. त्यांची लुगडी मामंजी आणायचे, दिवाळीला एक आणि गुढीपाडव्याला एक, राहुरीच्या बाजारातून, कागदात गुंडाळून. एक मिरचीसारखं लाल, एक हिरवं. पुढच्या वर्षी पुन्हा लाल, पुन्हा हिरवं. बाजाराला आत्याबाई गाडीतून बरोबर जायच्या, पण आमच्या घरातल्या बाया दुकानाची पायरी चढायच्या नाहीत, तशी रीतच होती. मामंजी दुकानात आणि आत्याबाई बाहेर लिंबाखाली गाडीपाशी बसून. पंचेचाळीस वर्षं त्यांनी लुगड्याचं दुकान बाहेरूनच बघितलं होतं.

मी विचारलं, मग मामंजींना सांगायचं ना. त्या म्हणाल्या, “आता कसं सांगू? त्यांना वाटंल, इतकी वर्सं आणली ती मला आवडलीच न्हाईत. ते हौसंनं आणत्यात गं. तू कुणाला बोलू नको. ह्यांना न्हाई आन तुझ्या मालकाला बी न्हाई.”

मग जरा थांबून म्हणाल्या, “आन बघ, नेसून बसता आलं पायजे. रानात खुरपायला बसले की सुटाया नको. नुसतं मिरवायचं नको मला.”

ती चिंधी मी कमरेच्या पिशवीत ठेवली आणि हे काम मनावर घेतलं. विमानाचं, परदेशाचं मला काही भय राहिलं नाही. भय एकच, रंग चुकायचं.

विमानाचं काय सांगू. राहात्याच्या एक बाई आमच्यात होत्या, एका सभासदाच्याच घरातल्या, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. मी त्यांना ताई म्हणायची. त्या पाचवारी नेसायच्या, म्हणजे गोल साडी. परदेशात नऊवारी बरी दिसत नाही म्हणून त्यांनी मला त्यांच्या दोन गोल साड्या दिल्या आणि विमानात चढायच्या आधी मुंबईला एक नेसवून दिली. ती नेसून मला पाऊलच टाकता येईना. पायांत पोतं बांधल्यासारखं झालं. विमानाच्या जिन्यावर मी दोन पायऱ्या एकदम चढायला गेले आणि पुढच्या साहेबाच्या कोटाला धरलं. तो काहीतरी इंग्रजीत म्हणाला. मी म्हटलं, माफ करा, साडी माझी नाही.

तिकडं तीन दिवस कारखाने आणि ऊस. ऊस आपल्यासारखाच होता, उगाच खोटं कशाला बोलू. कारखान्याची चिमणी आपल्यासारखीच, मळीचा वासही तोच. तो वास आला आणि मला घर आठवून डोळ्यांत पाणी आलं. पण शहर मात्र काय सांगावं. रस्त्याच्या कडेनं पाण्याचे कालवे, त्यांत होड्या, होडीतच भाजी विकणाऱ्या बाया, डोक्यावर सुपाएवढ्या टोप्या. होडीतच चूल, होडीतच जेवण. देवळांचे कळस सोन्यासारखे चमकत होते. मी सगळं मनात साठवत होते, एकेक गोष्ट, कारण घरी एकजण वाट बघत होती, आणि ती “मोठं हाय” एवढ्यावर ऐकणारी नव्हती.

चौथा दिवस खरेदीचा. त्या दिवशी सकाळी मी ताईंची साडी घडी घालून ठेवली आणि माझं हिरवं लुगडं काष्टा घालून नेसले. ताई म्हणाल्या, बाई, लोक बघतील. मी म्हटलं, बघू द्या, आज मला पायांनी चालायचंय.

कापडबाजारात एका सरदारजींचं मोठं दुकान होतं. हिंदी बोलणारा माणूस भेटला म्हणून आमच्या गड्यांना हायसं वाटलं. त्यांनी आम्हा दोघींना तिथं बसवलं, मालकांनी मला साडीला म्हणून पैसे दिले आणि इथून हलू नका, असं बजावून ते सगळे घड्याळांच्या गल्लीकडं गेले. कापडाला किती वेळ लागतो हे त्यांना पक्कं माहीत होतं.

ताईंचं काम सोपं होतं. त्यांना नायलॉनच्या साड्या हव्या होत्या आणि सरदारजींकडं नायलॉनचा डोंगर होता. माझी पाळी आली तशी मी पिशवीतून चिंधी काढली आणि ऐटीत गादीवर पसरली.

चिंधीवरचा रंग उडाला होता. नुसता उडाला नव्हता, बदलला होता. पावसात भिजून वाळलेल्या गवताचा जसा रंग होतो ना, तसा मातकट. मी चिंधी उलटी केली, सुलटी केली, उजेडात नेली. विहिरीवर ती माझ्या हातात आली तेव्हा कशी होती आणि आता कशी. आठवडाभर कमरेशी घामात राहिली, दुसरं काय होणार? आम्हा शेतकऱ्यांना जांभळाचा डाग कपड्यावरून जात नाही एवढंच माहीत. तो राहतो, पण तसाच राहत नाही, हे कुणाच्या ध्यानात येणार.

सरदारजींनी मात्र चिंधी नीट बघितली आणि त्याच रंगाचं कापड काढून दिलं. अगदी तस्सं, मातकट. मी म्हटलं, ये नहीं. माझी हिंदी म्हणजे आमच्या गावातल्या बांगडीवाल्या चाचींशी बोलून शिकलेली. जांभळाला हिंदीत काय म्हणतात ते मला येत होतं, पण जामुनचा रंग म्हटल्यावर त्यांनी वांग्याच्या रंगाचं काढलं, मग निळं, मग गुलाबीकडं झुकणारं. प्रत्येक वेळी विचारत, हे का? आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, हेच असेल. आणि पुन्हा वाटायचं, नाही, आत्याबाईंनी बघितलेलं हे नव्हे. तेवढ्या दिवसांत माझ्याच डोळ्यांतला रंग पुसट झाला होता. त्यातून सगळंच नायलॉन. काष्टा घालायला चिमटीत धरलं तर माशासारखं निसटायचं. हे नेसून खुरपायला बसलं तर भर रानात काय होईल त्याचा विचार करून मला घाम फुटला.

मी दुकानाच्या दारात येऊन बसले. पंचेचाळीस वर्षांत एकदा एका बाईनं काही मागितलं, आणि ते मी चिंधीत बांधून घामात घालवलं. ताई आतून म्हणत होत्या की कुठलंही एक घे, म्हातारीला काय कळतंय. मला त्यांचा राग आला. म्हातारीलाच तर कळत होतं.

आणि समोर बघते तर रस्त्यापलीकडं एक म्हातारी बसलेली. डोक्याचे केस पांढरे आणि पुरुषासारखे बारीक कापलेले. पुढं टोपली, आणि टोपलीपुढं केळीच्या पानावर वाटे घातलेले, आपल्या राहुरीच्या बाजारात घालतात तसे. वाटे जांभळांचे.

मी उठलेच. इथून हलू नका वगैरे सगळं विसरले. रस्ता कसा ओलांडला ते देवालाच माहीत, तीन चाकांची एक गाडी माझ्यासाठी थांबली आणि तिचा माणूस बरंच काही बोलला. म्हातारीपुढं जाऊन मी उकिडवी बसले आणि एक जांभूळ तोंडात टाकलं. तेच जांभूळ, तोच तुरटपणा. परदेशात चार दिवस फिरून ओळखीचं कुणी भेटलं असेल तर ते.

म्हातारी मात्र जांभळांकडं बघत नव्हती, माझ्या लुगड्याकडं बघत होती. ती उठून उभी राहिली आणि मग मला दिसलं. तिचं कापड आखूड होतं, गुडघ्याच्या जरा खाली, पण मागं काष्टा. खरा काष्टा, पायांतून मागं घेऊन कमरेला खोचलेला. मी तोंडात जांभूळ तसंच धरून बघत राहिले. ती माझ्या मागं गेली, माझ्या काष्ट्याला हात घालून ओढून बघितला, घट्ट आहे का ते, आणि हसली. तिचं तोंड पानानं लाल होतं. मग वळून उभी राहिली आणि स्वतःचा मला दाखवला. मीही ओढून बघितला. आमच्याहून निराळा होता. पुढच्या दोन्ही कडांचा एकत्र दोरीसारखा पीळ घालून तो मागं घेतला होता. पण बसला होता घट्ट.

मी तिला माझी अडचण कशी सांगू? भाषा नाही. मी आणखी चार जांभळं खाल्ली, जीभ बाहेर काढली आणि जिभेवर बोट ठेवलं. मग तिच्या कापडाला हात लावला. पुन्हा जीभ, पुन्हा कापड. रस्त्यावरून जाणारा एक गोरा पाहुणा थांबून बघायला लागला. बघू दे म्हटलं, माझा रंग आता माझ्या तोंडात होता आणि तो वाळायच्या आत मला कापड हवं होतं.

म्हातारीनं माझी जीभ नीट बघितली, डॉक्टर बघतो तशी. मग शेजारच्या फुलवालीला टोपलीकडं बघायला सांगितलं आणि माझा हात धरून चालायला लागली. मागून ताईंनी हाका मारल्याच. मी म्हटलं, आले, ताई.

एका अरुंद गल्लीत ती मला घेऊन गेली. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरावं एवढी गल्ली. तिथं एका चिनी बाईचं लहानसं दुकान. नायलॉनचा पत्ता नाही. सगळं सुती, साधं, एकरंगी, म्हाताऱ्या बायकांनी रोज नेसायचं. म्हातारी काहीतरी बोलली आणि तिनं मला जीभ दाखवायची खूण केली. मी दाखवली. चिनी बाई जराही हसली नाही. तिनं शिडी लावली, वरच्या फळीवरून एक तागा काढला आणि माझ्या हनुवटीखाली धरला.

तोच रंग. काळा नाही, निळा नाही, लाल नाही. मी तागा छातीशी धरला आणि मला रडूच आलं. चिनी बाई घाबरली, तिला वाटलं आवडलं नाही.

मग मी नऊ बोटं दाखवली. ती मान डोलावून तागा सोडायला लागली. मीही बरोबर मोजत होते, नाकापासून बोटाच्या टोकापर्यंत एक वार, आमच्याकडं असंच मोजतात. तीन वार झाले तशी तिनं कात्री उचलली. त्यांच्याकडं एका नेसण्याला तेवढंच कापड लागतं, तिला वाटलं मला तीन नग हवेत. मी तिचा हातच धरला. नको नको म्हटलं, तर ती मला महाग पडतंय असं समजून दुसरा तागा काढायला निघाली. मी म्हातारीकडं बघितलं. तिलाही कळेना, एका बाईला एवढं कापड कशाला.

मग मी काय केलं, सांगायला लाज वाटते, पण सांगते. पदर कमरेचा सोडला, डोक्यावरून खाली घेतला, म्हातारीच्या हातात एक टोक दिलं आणि तिला दुकानाबाहेर चालत जायला सांगितलं. ती चालत गेली, मी गोल फिरत सोडत गेले. अंगात चोळी होती आणि कमरेचे शेवटचे दोन वेढे मी सोडले नाहीत, चिंता नव्हती. माझं लुगडं दुकानातून निघालं, उंबरा ओलांडला, गल्ली ओलांडून समोरच्या छत्र्यांच्या दुकानापर्यंत पोचलं, तरी एक टोक माझ्या कमरेला होतंच. छत्रीवाला बाहेर आला. म्हातारी तिथनं टोक उंच धरून हसत सुटली आणि गल्लीतल्या सगळ्यांना ओरडून काहीतरी सांगायला लागली. काय ते मला समजलं नाही, पण तिच्या जागी मी असते तर म्हटलं असतं, बघा, ही बाई अख्खी गल्ली गुंडाळून हिंडते.

चिनी बाईनं कात्री खाली ठेवली. नऊ वार एकसंध कापून दिलं. वर वीतभर जास्तच दिलं असेल.

मग परीक्षा. नेसून बसल्याशिवाय घ्यायचं नाही, हे बजावून सांगितलेलं. मी ते जांभळी कापड दुकानातच काष्टा घालून नेसले. म्हातारीला माझा काष्टा पसंत पडेना, तिनं मागून दोन वेळा सोडून पुन्हा खोचला. मग मी खाली बसले, खुरपायला बसतात तशी, आणि बसल्या बसल्या पुढं सरकत चालले. म्हातारी माझ्या शेजारी तशीच बसली आणि तीही सरकायला लागली. तिनंही कुठंतरी भात लावला असेल, नाहीतर अशी चाल येत नाही. आम्ही दोघी दुकानाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेलो आणि परत आलो. सुटलं नाही. जरासुद्धा सैल झालं नाही.

मालकांनी मला नायलॉनच्या साडीला दिलेले पैसे त्यात गेले. जाऊ देत. म्हातारीला मी पिशवीतली सुपारी दिली, घरून आणलेली, न भाजलेली, कडक. तिनं लगेच एक खांड दाढेखाली धरलं आणि तिच्या डबीतलं पान मला दिलं. चुना जास्त होता. मी खाल्लं.

सरदारजींच्या दुकानात परत आले तर तिथं ताई रडत होत्या आणि आमचे मालक घामाघूम उभे होते. अर्ध्या बाजारात मला शोधून आले होते. मला बघून आधी त्यांचा जीव भांड्यात पडला आणि मग राग आला. कुठं गेली होतीस, हे इतक्या जोरात विचारलं की सरदारजींनी त्यांना पाणी दिलं. मग माझ्या हातातल्या पुडक्याकडं बघून म्हणाले, “काय घेतलंस?”

“लुगडं.”

“बँकॉकला येऊन लुगडं?” ते म्हणाले.

“जीभ का जांभळी हाय तुझी?” त्यांनी मग विचारलं. मी म्हटलं, जांभळं खाल्ली. एवढं हसले की राग विसरले. विमानात सगळ्या सभासदांत ती गोष्ट झाली. एकजण म्हणाले, वहिनी, पुढच्या खेपेला लंडनला जाऊन ज्वारी घेऊन या. मी सगळं ऐकून घेतलं. कुणासाठी ते सांगितलं नाही.

घरी आल्यावर आत्याबाईंनी मला आधी पोटभर जेवू घातलं. मग धान्याच्या खोलीत नेलं, दार लोटलं. मी पुडकं सोडलं. त्यांनी कापड हातावर घेतलं, खिडकीशी नेलं, वास घेतला, गालाला लावलं. मी विचारलं, हाच का रंग? त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, “बस. पहिल्यापासनं सांग.”

मी सांगितलं, महिनाभर. दुपारची कामं उरकली की आम्ही दोघी त्या खोलीत बसायचो. मी होड्या सांगायची, होडीतली चूल सांगायची, चिंधीचं, म्हातारीचं, गल्लीतल्या लुगड्याचं. छत्रीवाल्याच्या तोंडाचा आ त्यांनी मला किती वेळा करून दाखवायला लावला. आणि ऐकता ऐकता त्यांचे हात चालू असायचे. त्या कापडाला काठ नव्हता. सवाशीण बाईनं बिनकाठाचं कसं नेसायचं, म्हणून त्यांनी जुन्या लाल लुगड्याचे काठ उसवून काढले आणि बारीक टाक्यानं नव्याला लावले. नऊ वार, दोन्ही बाजूंनी. डोळ्यांना कमी दिसायचं, सुई मी ओवून द्यायची.

नागपंचमीला त्या ते नेसल्या. वारुळाला जायला बाया अंगणात जमल्या होत्या. आत्याबाई बाहेर आल्या आणि सगळ्यांनी माना वळवल्या. गोऱ्या नव्हत्या त्या, उंचही नव्हत्या, पण त्या दिवशी कशा दिसत होत्या म्हणून सांगू. मामंजी ओट्यावर पान लावत बसले होते. आत्याबाई खांबाला धरून उभ्या राहिल्या, पुढं जाईनात.

मामंजींनी वर बघितलं. मग जवळ बोलावलं, काठ हातात घेतला आणि अंगठ्यानं चाचपला.

“काठ तर माझ्या लुगड्याचा हाय,” ते म्हणाले. “तीन सालाखाली आणलेलं.”

“व्हय.”

“आन मधलं?”

“सुनंनं आणलंय. म्या सांगितलेलं.”

मामंजींनी पान तसंच हातात धरलं. “मला सांगायचं हुतं. राहुरीतनं आणलं आसतं.”

आत्याबाई म्हणाल्या, “तुमी कधी इचारलं न्हाई.”

भांडून नाही म्हणाल्या. हसतच म्हणाल्या, बाया ऐकत होत्या म्हणून जरा हळू. मामंजींनी पान खाल्लं, चुन्याचं बोट खांबाला पुसलं आणि म्हणाले, “बरं दिसतंय.” माझ्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती, त्यांच्या तोंडून असं काही मी पहिल्यांदा ऐकलं. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला आणि बायांच्या पुढं चालायला लागल्या. वारुळाशी फेर धरला तेव्हा सगळ्यांत जास्त त्याच नाचल्या. काष्टा सुटला नाही.

पुढच्या बाजाराला मामंजींनी गाडी लिंबाखाली सोडली आणि आत्याबाईंना म्हणाले, चल. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मीही उतरले. दुकानाच्या पायरीशी त्या थांबल्या, चपला कुठं काढायच्या ते त्यांना कळेना. मामंजींनी दाखवलं. दुकानदारानं नेहमीप्रमाणं विचारलं, आबा, काय दाखवू?

“मला न्हाई,” मामंजी म्हणाले. “तिला इचारा.”

आणि ते स्वतः बाहेर पायरीवर जाऊन बसले.

मग आत्याबाईंनी जे सुरू केलं ते काय विचारता. हे दाखवा, ते दाखवा, ते वरचं काढा. पोपटी, गुलबक्षी, मोरपंखी, काळी चंद्रकळा. सगळं उलगडायला लावलं, सगळं उजेडात नेलं. दुकानदार बिचारा घामाला आला. जांभळी निघालं तेव्हा म्हणाल्या, हे माझ्याकडं हाय. गादीवर लुगड्यांचा ढीग झाला आणि त्या ढिगाच्या मधोमध एक लुगडं कमरेला धरून आत्याबाई उकिडव्या बसल्या, बसता येतं का बघायला. दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, बँकॉकलाही असंच बघून घेतात.

शेवटी एक घेतलं. मिरचीसारखं लाल.

परत येताना गाडीत मामंजींच्यानं राहवेना. “लालच घ्यायचं हुतं तर येवढा येळ कशाला लावला?”

“समदी बघायची हुती,” आत्याबाई म्हणाल्या.

मी पुडकं धरायला हात पुढं केला. त्यांनी दिलं नाही. घर येईपर्यंत ते त्यांच्याच मांडीवर होतं.